बळ, कौशल्य आणि घाई

अंगचे बळ पाहून खेळाडू निवडावा, कौशल्य मागाहून शिकवावे, ही कल्पना अमेरिकन फुटबॉलमध्ये जुनी आहे. 1964च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरची शर्यत जिंकणारा बॉब हेज डॅलस काउबॉईजकडे गेला आणि थोर ठरला. अडथळ्यांच्या शर्यतीतला विश्वविक्रमवीर रेनाल्डो नेहेमाया 1982 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या संघात आला. तीन हंगामांनंतर तो पुन्हा धावपट्टीकडे वळला. वेग दोघांकडेही होता. हेज मात्र महाविद्यालयात फुटबॉल खेळलेला होता, हे सांगायचे बहुधा राहून जाते.

आपल्याकडे हाच प्रश्न सोलापूर जिल्ह्यात जन्मलेल्या किरण नवगिरे हिच्या निमित्ताने उभा राहतो. भालाफेक व गोळाफेक करणारी ही मुलगी क्रिकेटकडे उशिरा वळली. एप्रिल 2022मध्ये नागालँडकडून अरुणाचलविरुद्ध तिने 76 चेंडूंत नाबाद 162 धावा केल्या. टी-ट्वेंटीत दीडशेचा टप्पा ओलांडणारी ती पहिली भारतीय स्त्री. मे महिन्यात पुण्यात व्हेलॉसिटी संघाकडून 34 चेंडूंत 69. आणि सप्टेंबरमध्ये थेट इंग्लंडविरुद्ध भारतीय संघात पदार्पण!

अरुणाचलची गोलंदाजी आणि इंग्लंडची गोलंदाजी यांत पाच महिन्यांचेच अंतर ठेवणे, यालाच मी घाई म्हणतो. फटक्याची ताकद सीमारेषेपलीकडे पडलेल्या चेंडूवरून दिसते. चेंडू हातातून सुटताच त्याची लांबी ओळखणारी नजर तशी दिसत नाही. ती बलाढ्य गोलंदाजांसमोर वारंवार बाद होऊनच घडते. भालाफेकीत समोर कोणी चकवणारा नसतो. सहा आंतरराष्ट्रीय सामन्यांनंतर किरण संघाबाहेर गेली. जुन्या तालमीतला वस्ताद दांडग्या पोराला आधी वर्षानुवर्षे मातीत घोळवी, मोठ्या मैदानात मागाहून उतरवी. निवड समितीला तेवढा धीर परवडत नाही असे म्हणतात. पण मग अपयशाचा भार एकट्या खेळाडूने का वाहावा?

2023च्या पहिल्या महिला प्रीमियर लीगसाठी यूपी वॉरियर्झने तिला तीस लाखांना घेतले, आणि पहिल्याच सामन्यात तिने अर्धशतक केले. ऑक्टोबर 2025मध्ये नागपूर येथे महाराष्ट्राकडून पंजाबविरुद्ध तिने 34 चेंडूंत शतक झळकावले. महिलांच्या टी-ट्वेंटीत इतके जलद शतक तोवर कोणी केले नव्हते. तेव्हा ती एकतीस वर्षांची होती.