रस्ता तोच, दगडाचा रंग वेगळा

सटाण्याहून ताहाराबादकडे जाणारा हमरस्ता आज राष्ट्रीय महामार्ग 752 जी म्हणून ओळखला जातो. पूर्वी तो विंचूर-प्रकाशा राज्य महामार्ग होता. राज्य महामार्गाच्या किलोमीटरच्या दगडाचा माथा हिरवा असतो, राष्ट्रीय महामार्गाचा पिवळा. रंगाखेरीज आणखी काय बदलले?

वाट फार जुनी आहे. सतराव्या शतकात सुरतेचा माल नवापूर-पिंपळनेरवरून दख्खनेत येई; फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये या बाजूने गोवळकोंड्याकडे गेला. ऑक्टोबर 1670 मध्ये दुसऱ्यांदा सुरत लुटून शिवाजी महाराज बागलाणातूनच परतले. तेव्हा वाटांना क्रमांक नव्हते. ज्याची हद्द, त्याची जकात.

पुढे रेल्वे आली आणि रस्ते मागे पडले. मोटारी वाढल्यावर 1927 मध्ये बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या शिफारशीवरून पेट्रोलवरील करातून 1929 मध्ये रस्ते निधी उभा राहिला. पैसा आला, पण तो कोणत्या रस्त्यावर कोणी खर्चायचा? याचे उत्तर डिसेंबर 1943 मध्ये, महायुद्ध चालू असताना, नागपूरला जमलेल्या मुख्य अभियंत्यांनी दिले. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक (आताचे राज्य) महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग ही उतरंड तिथली. शेतीच्या मुलखातले कोणतेही गाव मोठ्या रस्त्यापासून 5 मैलांहून दूर नसावे, हेही तिथेच ठरले.

आपण रुंदीवरून रस्त्याची प्रत ठरवतो. ही वर्गवारी मात्र रस्ता काय जोडतो आणि त्याचा भार कोणावर, यावरून आहे. 1956 च्या कायद्याने राष्ट्रीय महामार्ग केंद्राकडे गेले. आपल्याकडे इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात. द्रुतगती मार्ग हा शब्द तर निराळेच सांगतो: ठरावीक ठिकाणीच चढा, ठरावीक ठिकाणीच उतरा. सिन्नर-इगतपुरीतून जाणारा 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग, जून 2025 मध्ये पूर्ण खुला झालेला, राज्याच्या महामंडळाने बांधला. तो राष्ट्रीय महामार्ग नाही. सटाण्याच्या वस्तीतून जाणारा मात्र आहे!

म्हणून महामार्गालगतच्या शाळेपुढे गतिरोधक हवा असेल, तर नगर परिषदेचा ठराव पुरत नाही. महामार्ग सांभाळणाऱ्या यंत्रणेकडे अर्ज करावा लागतो, आणि अर्जावर रस्त्याचा क्रमांक अचूक लिहावा लागतो. 2010 च्या नव्या क्रमांकपद्धतीत तीन आकड्यांतले शेवटचे दोन मूळ महामार्गाचे असतात. 752 चा मूळ महामार्ग 52, पंजाबातल्या संगरूरहून धुळ्यावरून कर्नाटकातल्या अंकोल्याला जाणारा.