शिरखुर्मा आणि शीशमहल

के. आसिफ यांचा ‘मुगल-ए-आझम’ ५ ऑगस्ट १९६० रोजी मुंबईच्या मराठा मंदिरात लागला. तिकिटासाठी लोक दिवसरात्र रांगेत उभे; घरचे डबे तिथंच पोचत. अब्बाही त्या रांगेत होते. डब्यात कोरडी रोटी.

कृष्णधवल भाग रंगवलेली आवृत्ती १२ नोव्हेंबर २००४ ला आली, ऐन दिवाळीत. मागोमाग रमजान ईद. शेजारचा फराळ, आमची बिर्याणी, वर अब्बांनी तीन वाट्या शिरखुर्मा चापला. मधुमेह होता, पण ईदेला कोण अडवणार? थिएटरात बसताच घोरू लागले. ४४ वर्षांनी पाहायला आलेला माणूस! शीशमहालातल्या गाण्याला मात्र दचकून उठले.

“हे तेव्हाही रंगीतच होतं,” म्हणाले. “बाकीचं उगाच रंगवलंय.”

पुढच्या ईदेला शिरखुर्मा उरला.