नदीकाठचा रंगमंच

हंगाम हा शब्द कानी पडला की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम शेत उभे राहते. पेरणी, राखण, कापणी असा त्याचा क्रम ठरलेला. कलेच्या क्षेत्रातही हा शब्द रूढ आहे. वर्षभराचे नाट्य, नृत्य, संगीताचे प्रयोग आगाऊ ठरवून जाहीर करायचे आणि रसिकांनी विश्वासाने त्यांची तिकिटे आधीच घ्यायची, हा कलेचा हंगाम. या दोन्ही अर्थांचा मेळ पाहायचा असेल, तर अमेरिकेतील आयोवा या राज्याकडे वळावे लागते. मका आणि सोयाबीन पिकविणाऱ्या या प्रदेशातील विद्यापीठाने १९७२ पासून कलेचा हंगाम चालविला; आणि २००८ साली त्याचे कलागृह नदीने हिरावून नेल्यावरही तो मोडू दिला नाही.

आयोवा विद्यापीठाची स्थापना १८४७ ची. कला ही विद्वत्तेच्या तोलाची आहे, ही भूमिका त्याने फार लवकर घेतली. १९२२ साली त्याने उच्च पदवीसाठी संशोधनपर प्रबंधाच्या जागी काव्य, संगीतरचना किंवा चित्र स्वीकारण्याचे ठरविले. नाटककार टेनेसी विल्यम्स १९३८ मध्ये येथूनच पदवीधर झाले. १९६७ मध्ये सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमामुळे जगभरचे साहित्यिक या लहानशा गावी येऊ लागले. आपले दिलीप चित्रे यांनीही १९७५ ते १९७७ या काळात त्यात भाग घेतला होता.

या परंपरेला साजेसे प्रेक्षागार १९७२ साली आयोवा नदीच्या काठी उभे राहिले. १९४० ते १९६४ अशी चोवीस वर्षे विद्यापीठाचे अध्यक्षपद भूषविणाऱ्या व्हर्जिल हँचर यांचे नाव त्याला दिले गेले. वास्तुकार होते मॅक्स अब्रामोवित्झ आणि आसने सुमारे अडीच हजार. शेजारी कलासंग्रहालय आणि संगीत विभागाची इमारत. गावाच्या लोकसंख्येच्या मानाने हे प्रेक्षागार अवाढव्य होते. ते भरायचे, तर एकाच अभिरुचीच्या रसिकांवर भिस्त ठेवून चालणार नव्हते. म्हणून बॅले, तंतुवाद्यांचे चतुष्टय, ब्रॉडवेची संगीतिका, जॅझ आणि परदेशी लोककला यांना एकाच हंगामात स्थान मिळाले. ही विविधता गरजेतून जन्मली. पुढे तीच या संस्थेचा स्वभाव बनली.

तथापि, बाहेरून नामवंतांना बोलावणे एवढ्यावरच हँचर थांबले नाही. नवी कलाकृती घडावी म्हणून ते स्वतः पुढे झाले. रॉबर्ट जॉफ्री यांच्या ‘नटक्रॅकर’ या बॅलेचा पहिला प्रयोग डिसेंबर १९८७ मध्ये येथेच झाला. जॉफ्री त्या वेळी गंभीर आजारी होते. मार्च १९८८ मध्ये ते निवर्तले. त्यांची ही अखेरची मोठी निर्मिती न्यूयॉर्कच्या आधी मक्याच्या मुलखाने पाहिली. जानेवारी १९९३ मध्ये त्याच संघाने प्रिन्स या लोकप्रिय गायकाच्या संगीतावर रचलेले ‘बिलबोर्ड्स’ येथेच प्रथम सादर केले. आर्थिक विवंचनेत सापडलेल्या संघाला या प्रयोगाने हात दिला.

ऑक्टोबर २००२ मधील ‘सन रिंग्ज’ हा प्रयोग तर विद्यापीठाच्या रंगमंचावरच शोभावा असा. आयोवाचे भौतिकशास्त्रज्ञ डॉन गर्नेट यांनी अवकाशयानांवरील उपकरणांच्या साहाय्याने ग्रहमालेतील विद्युत्‌भारित वायूंच्या लहरी टिपल्या होत्या. त्या लहरींच्या ध्वनींचा आधार घेऊन टेरी रायली यांनी संगीत रचले आणि क्रोनोस चतुष्टयाने ते वाजविले. प्रयोगशाळा आणि रंगमंच यांच्यामधली भिंत त्या रात्री विरघळली.

आणि मग नदीची पाळी आली. वरच्या बाजूला १९५८ साली पूर्ण झालेल्या कोरलव्हिल धरणाच्या भरवशावर काठची जमीन सुरक्षित मानली गेली होती. १९९३ च्या महापुराने त्या भरवशाला पहिला तडा दिला. परंतु तो इशाराच ठरला. जून २००८ मध्ये धरणाच्या सांडव्यावरून पुन्हा पाणी वाहू लागले. १५ जून रोजी गावात नदीची पातळी ३१.५३ फुटांवर गेली. पुराची पातळी तेथे २२ फूट मानतात. संग्रहालयातील जॅक्सन पोलॉक यांचे ‘म्यूरल’ हे भव्य चित्र वेळीच हलविण्यात आले. प्रेक्षागार मात्र हलविता येत नाही. पाणी आत शिरले आणि ती वास्तू पुन्हा कधीच वापरात आली नाही.

येथे खरा प्रश्न उभा राहिला. वास्तू गेल्यावर संस्था उरते का? दारे बंद करून नव्या इमारतीची वाट पाहणे सोपे आणि स्वस्त होते. परंतु घरी बसण्याची सवय लागलेला रसिक पुन्हा आणणे नवी इमारत बांधण्याहून कठीण, हे संचालक चार्ल्स स्वॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओळखले. १९१२ साली उघडलेले गावातील इंग्लर्ट थिएटर, शाळांची सभागृहे, चर्च, अशा मिळेल त्या जागी आठ वर्षे कार्यक्रम होत राहिले. मोठे बॅले आणि संगीतिका यांना अर्थातच अशा जागा पुरेनात. तो तोटा सोसावा लागला. पण काही लाभही झाला. २०११ मध्ये न्यू ऑर्लिन्सचा प्रिझर्व्हेशन हॉल जॅझ बँड पूरग्रस्त आयोवात आला. २००५ च्या कॅटरिना वादळात ज्यांचे शहर बुडाले होते, ते वादक पाण्याने होरपळलेल्यांपुढे वाजवत होते. कलावंत आणि श्रोता यांच्यात इतकी समान भूमी भव्य प्रेक्षागारातही क्वचितच सापडते.

सीझर पेली यांच्या संस्थेने रेखाटलेले नवे हँचर सप्टेंबर २०१६ मध्ये उघडले. आसने १,८००, जागा जुन्या वास्तूजवळचीच, पण उंचावरची. नदीपासून पळ न काढता तिचा मान राखून राहायचे, हा धडा त्या उंचीत आहे. त्याच वर्षी डिसेंबरच्या आरंभी जॉफ्री संघ नवा ‘नटक्रॅकर’ घेऊन शिकागोच्या आधी येथे आला. एकोणतीस वर्षांपूर्वीचे नाते पाण्यात वाहून गेले नव्हते.

आपल्याकडे सांस्कृतिक केंद्र म्हटले की आधी कोनशिला बसते, मग इमारत उभी राहते आणि पुढे तिथे काय करायचे याचा शोध सुरू होतो. आयोवाचा इतिहास हा क्रम उलटा करून पाहायला सांगतो. कोणत्याही केंद्राचा पाया म्हणजे लोकांना दिलेले आणि दरवर्षी पाळलेले वचन. शेतकरी एक पीक बुडाले म्हणून पेरणी सोडत नाही. बियाणे जपले असेल, तर पाणी ओसरल्यावर त्याला पुन्हा शेतात उतरता येते. हँचरने आठ वर्षे जपले ते हेच बियाणे.