कोरेगावच्या स्तंभाचा दुसरा जन्म

दरवर्षी १ जानेवारीला पुणे-नगर रस्त्यालगत, भीमेकाठच्या जयस्तंभापुढे लाखो माणसे येतात आणि तिथे कामी आलेल्या शिपायांना मानवंदना देतात. १८१८ मध्ये त्या तारखेला कोरेगावची लढाई झाली, हे सर्वांना ठाऊक आहे. पण या मानवंदनेचे मूळ त्या लढाईपेक्षा तिच्यानंतरच्या शंभर वर्षांत शोधायला हवे, असे मला वाटते. शिरूरहून रातोरात निघालेली ईस्ट इंडिया कंपनीच्या कॅप्टन स्टॉन्टनची सुमारे आठशे जणांची तुकडी पेशवा दुसऱ्या बाजीरावाच्या कितीतरी मोठ्या फौजेसमोर सापडली, कोरेगावात शिरली आणि दिवसभर पाण्यावाचून झुंजली. रात्री पेशव्यांची फौज निघून गेली. कंपनीने १८२१ मध्ये स्तंभाचा पाया घातला तो आपल्या विजयाची खूण म्हणून. मात्र त्यावर साध्या शिपायांचीही नावे कोरली गेली, आणि त्या ४९ नावांपैकी २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे. ही महार शिपायांची नावे. गावात ज्यांचा स्पर्शही विटाळ ठरे, त्यांच्या पराक्रमाची नोंद अशी दगडात राहिली.

ही नोंद कामाला आली ती पुढे. १८९०च्या दशकात ‘लढाऊ जाती’ ठरवण्याच्या नादात इंग्रजांनी महारांची लष्करभरती बंद केली. पगार, पेन्शन, पलटणीच्या शाळेतली अक्षरओळख असे सारेच तुटले. भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून निवृत्त लष्करी नोकर गोपाळबाबा वलंगकरांनी सरकारला अर्ज लिहिला, १९१०मध्ये शिवराम जानबा कांबळ्यांनीही लिहिला. पहिल्या महायुद्धात गरज पडताच महारांची पलटण उभी राहिली आणि युद्धानंतर मोडली गेली. या पार्श्वभूमीवर १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकर स्तंभापाशी आले आणि ज्यांच्यासाठी अस्पृश्य शिपाई लढले त्या सरकारनेच त्यांना लष्कराचे दार बंद केले, हा कृतघ्नपणा त्यांनी तिथल्या सभेत बोलून दाखवला. माझ्या लेखी आजच्या मानवंदनेचा जन्म इथला आहे.

परकीयांच्या विजयाला वंदन कशाला, हा आक्षेप नेहमीचा. पण १९२७ची सभा इंग्रजांचे आभार मानायला भरली नव्हती. त्यांनीच कोरलेला पुरावा त्यांच्यापुढे धरायला भरली होती. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: कंपनीच्या तुकडीत मराठे, राजपूत, मुसलमानही होते, पेशव्यांकडून अरब लढले, मग कोरेगावच्या लढाईला जातिअंताची लढाई कसे म्हणावे? १८१८पुरते हे मान्य करायलाच हवे. त्या दिवशी शिपाई आपापल्या निशाणासाठी लढले. उरलेली २७ नावेही तेवढ्याच आदराने वाचली पाहिजेत. परंतु मृतांची आठवण कोण काढतो आणि कशासाठी, हा इतिहास लढाईहून वेगळा असतो, आणि त्यालाही कागदपत्रे आहेत, तारखा आहेत. १९४१मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा तिच्या बिल्ल्यावर हाच स्तंभ होता.