सर्पदंशानंतर दोरी बांधायचा सल्ला आला कुठून?

मृगाचा पाऊस पडून बांध्यांमध्ये पाणी साचलं की आपल्या भंडारा जिल्ह्यात रोवणीची लगबग सुरू होते आणि दवाखान्यांत सर्पदंशाचे रुग्ण वाढतात. त्यांतल्या बऱ्याच जणांच्या हातापायाला दुपट्टा, सुतळी, कधी सायकलची ट्यूब करकचून बांधलेली असते. काहींची दंशाची जागा ब्लेडने चिरलेली असते. नातेवाईक मोठ्या विश्वासाने सांगतात, "डॉक्टरसाहेब, विष वर चढू नये म्हणून लगेच बांधलं." अशा लोकांना अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण हा सल्ला त्यांना दिला कोणी, हे शोधायला गेलं तर बोट आम्हा वैद्य-डॉक्टरांकडेच वळतं.

दंशाच्या वर चार अंगुळांवर बंध बांधावा, असं सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात सांगितलं आहे. चिरणं, चोखणं, डागणं हे उपायही तिथे आहेत. शरीरात पसरलेलं विष निकामी करणारी लस तेव्हा नव्हती. मग विष वाटेतच अडवावं, हा विचार त्या काळाच्या तर्काला धरूनच होता.

इंग्रजी अमलात यात फारसा फरक पडला नाही. कलकत्त्यात सर्जन असलेल्या जोसेफ फेरर यांनी भारतातल्या विषारी सापांवर एक मोठा ग्रंथ लिहिला. तो १८७२ मध्ये छापला गेला. त्यांनी त्या वेळच्या नाना औषधांचे प्राण्यांवर प्रयोग केले आणि भरवशाचं एकही सापडलं नाही. राहिला तो बंध आणि जखम जाळणं. सरकार मेलेला साप आणून देणाऱ्याला बक्षीस देत होतं, त्यानेही मृत्यू थांबले नाहीत. मग १९०४ मध्ये लॉडर ब्रंटन आणि लिओनार्ड रॉजर्स यांनी फेररांसोबत एक सोपा उपाय मांडला. लाकडी मुठीचं छोटं पातं आणि मुठीच्या पोकळीत पोटॅशियम परमँगनेटचे, म्हणजे विहिरीत टाकतात त्या जांभळ्या औषधाचे, खडे. बंध बांधायचा, दंशावर चीर द्यायची आणि खडे चोळायचे. स्वस्त आणि कुणालाही जमेल असं हे साधन भारतात ठिकठिकाणी वाटलं गेलं. एकदा शरीरात गेलेल्या विषावर त्याचा काही उपयोग होत नाही, हे पुढे स्पष्ट झालं. पातं गेलं, पण चिरायची सवय मागे राहिली.

खरा उपाय निघाला तो एका पुरानंतर. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेचं पाणी भंडारा शहरात शिरलं होतं, ते ज्यांनी पाहिलं त्यांना पूर आणि सापांचं नातं समजावून सांगायला नको. १८९१ च्या सुमारास व्हिएतनामच्या मेकाँग खोऱ्यात असाच पूर आला, नाग वस्तीत शिरले आणि अनेकांना चावले. सायगावच्या पाश्चर संस्थेत असलेल्या आल्बेर काल्मेत या फ्रेंच डॉक्टरांनी तेव्हापासून नागाच्या विषाचा अभ्यास सुरू केला. विषाची थोडी थोडी मात्रा प्राण्याला टोचली की त्याच्या रक्तात विषाला मारक घटक तयार होतात, आणि ते रक्तद्रव्य दुसऱ्या जिवाला वाचवतं, हे त्यांनी १८९४ पर्यंत दाखवून दिलं. ही लस सर्व सापांवर चालेल, असा त्यांचा दावा होता. भारतात काम करणाऱ्या जॉर्ज लँब यांनी तो खोडून काढला. नागाची लस घोणसच्या, आपल्याकडच्या परडीच्या, विषावर चालत नाही, हे त्यांनी दाखवलं. म्हणून आज आपण वापरतो त्या लसीत नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांचा विचार केलेला असतो. मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेनेही घोड्यांपासून अशी लस बनवली.

लस आली, पण ती शहरात होती आणि साप धुऱ्यावर. त्यामुळे दवाखाना गाठेपर्यंत काय करावं, या प्रश्नाला प्रथमोपचाराच्या पुस्तकांत जुनंच उत्तर राहिलं: बांधा, चिरा. ते कित्येक दशकं छापलं गेलं, शिकवलं गेलं. तुमच्या आजोबांनी ते तिथूनच उचललं असेल तर दोष कुणाला द्यायचा? २००७ च्या सुमारास आलेल्या राष्ट्रीय उपचार पद्धतीत मात्र बंध, चीर, चोखणं हे सगळं स्पष्टपणे काढून टाकलं आहे.

कारण साधं आहे. करकचून बांधल्याने अवयवाचा रक्तपुरवठा तुटतो. घोणसचं विष तिथलं मांस आधीच नासवत असतं. त्यात रक्त बंद झालं की पाय कापायची वेळ येऊ शकते. चिरल्यावर विष बाहेर येत नाही. उलट घोणसच्या विषाने रक्त गोठेनासं झालं असेल तर ती चीर वाहतच राहते. मग बांधून किंवा मांत्रिकाकडे नेऊन लोक बरे कसे होतात? चावलेला साप बहुतेक वेळा बिनविषारी असतो, आणि विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी विष सोडतोच असं नाही.

यात खरं नुकसान होतं ते वेळेचं. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा एका मोठ्या राष्ट्रीय पाहणीचा अंदाज आहे. निम्म्याहून अधिक मृत्यू जून ते सप्टेंबरमधले. त्याच पाहणीच्या आधीच्या टप्प्यात दिसलं होतं की यांतले जेमतेम २३ टक्के मृत्यू रुग्णालयात झाले. बाकीचे घरी किंवा वाटेत.

म्हणून या पावसाळ्यात एवढं करा. जमिनीवर झोपू नका. झोपावंच लागलं तर मच्छरदाणी चारही बाजूंनी गादीखाली खोचा. मण्यार रात्री अंथरुणात येते आणि तिच्या दंशाला फारशी वेदना नसते, खूण दिसतेच असं नाही. सकाळी पोटात दुखतंय, पापण्या जड झाल्यात, बोलताना जीभ अडखळतेय असं कुणी म्हणालं तर थांबू नका. रात्री अंगणात जातानाही टॉर्च घ्या. तणसाच्या ढिगात आणि सरपणात थेट हात घालू नका.

दंश झालाच तर धीर द्या, अंगठ्या-बांगड्या-जोडवी काढा, हातपाय मोडल्यावर बांधतो तशी फळी सैल बांधून अवयव स्थिर ठेवा, रुग्णाला चालवू नका आणि १०८ ला फोन करा. गाडी मिळाली तर वाट पाहू नका. साप मारून आणायची गरज नाही. दंशाची वेळ आणि वाटेत काय त्रास झाला, हे मात्र डॉक्टरांना सांगा. सरकारी रुग्णालयात ही लस मोफत मिळते.

आणि कुणी आधीच घट्ट दोरी बांधून ठेवली असेल तर ती वाटेत घाईने सोडू नका. अडलेलं विष एकदम शरीरभर पसरून श्वास बंद पडू शकतो. लस, सलाइन आणि कृत्रिम श्वासाची तयारी जवळ ठेवून रुग्णालयातच ती सोडली जाते.