प्राचीन सीमाबांध आणि त्यांची नावे

दक्षिण इंग्लंडच्या खडूच्या टेकड्यांवरून मैलोगणती गेलेले प्राचीन चर व त्यांलगतचे मातीचे बांध पुरातत्त्वज्ञाइतकेच भाषाभ्यासकाचेही लक्ष वेधून घेतात. प्राचीन इंग्रजीत ‘डीच्’ ह्या एकाच शब्दाने खणलेला चर व त्याच मातीचा रचलेला बांध ह्या दोहोंचा बोध होई. आधुनिक ‘डिच’ आणि ‘डाइक’ हे शब्द त्याच मुळाशी संबद्ध आहेत.

ह्या बांधांचा काळ त्यांच्या नावांवरून ठरविता येईल काय? ‘वॉन्सडाइक’ म्हणजे वोडन देवाचा बांध. ‘ग्रिम्स डिच’मधील ‘ग्रिम’ हेही वोडनचेच उपनाम असावे. स्कँडिनेव्हियातील ओडिन देवासही ‘ग्रीम्र’ हे नाव होते. हे नाव परस्परांपासून दूर असलेल्या अनेक बांधांना मिळाले आहे. त्यांपैकी चिल्टर्न टेकड्यांतील बांध लोहयुगीन मानला जातो. अँग्लो-सॅक्सनांची वसाहत मात्र इसवी सनाच्या पाचव्या शतकातील. अर्थात नाव देणारे निर्मात्यांहून कित्येक शतके अर्वाचीन होत. कर्ता विस्मृत झाला म्हणजे कर्तृत्व देवाकडे जाते. याउलट, मर्सियाचा राजा ऑफा (७५७–७९६) याने बांध घातल्याचे आसर ह्या चरित्रकाराने ८९३ च्या सुमारास नोंदविले, आणि तेथे मानवाचेच नाव टिकले.

कालनिर्णयासाठी उत्खननाचाच आश्रय घ्यावा लागतो. हँपशरमधील क्वार्ली टेकडीवर क्रिस्टोफर हॉक्स यांनी १९३८ मध्ये केलेल्या उत्खननात, तेथे एकत्र येणारे सीमाचर लोहयुगीन गढीच्या आधीचे असल्याचे दिसून आले. म्हणजे गढी उभारली जाण्यापूर्वीच भूमीची वाटणी झालेली होती. डार्टमूरच्या माळावरील ‘रीव्ह’ नामक दगडी बांध त्याहूनही जुने, इ. स. पूर्व १५०० च्या आसपासचे आहेत. अँड्र्यू फ्लेमिंग यांनी १९७० नंतरच्या दशकात त्यांची पाहणी केली, तेव्हा समांतर बांधांनी आखलेली विस्तीर्ण शेतजमीन स्पष्ट झाली. त्या समाजाची भाषा आज सर्वस्वी लुप्त आहे. त्याने आखलेली शीव तेवढी उरली आहे.

तथापि नावांचा पुरावा निरुपयोगी ठरत नाही. सॅक्सन सनदांत वॉन्सडाइकचा उल्लेख जमिनीच्या हद्दीची खूण म्हणून येतो. बांध कोणी घातला हे नाव सांगू शकत नाही. परंतु पुढील लोकांनी तो पाहिला, ओळखला आणि आपल्या व्यवहारात सामावून घेतला, ह्याची साक्ष मात्र ते निश्चितपणे देते. नामाभ्यासाकडून इतिहासाने एवढीच अपेक्षा ठेवावी, आणि एवढी अवश्य ठेवावी.