राइस, पॅट
(१७ मार्च १९४९–    ). उत्तर आयर्लंडचा फुटबॉलपटू व इंग्लंडमधील आर्सेनल क्लबचा दीर्घकाळचा सहायक प्रशिक्षक. जन्म बेलफास्टचा. लंडनमध्ये वाढला, आर्सेनलच्या हायबरी मैदानाजवळच्या भाजीच्या दुकानात पोरवयात काम केले. १९६४ मध्ये उमेदवार म्हणून आर्सेनलमध्ये दाखल झाला. उजव्या बगलेचा हा बचावपटू क्लबकडून पाचशेहून अधिक सामने खेळला. १९७१ मध्ये लीग व एफए कप ही दोन्ही विजेतेपदे मिळविणाऱ्या संघात तो होता. १९७९ च्या एफए कप अंतिम सामन्यात मँचेस्टर युनायटेडने अखेरच्या पाच मिनिटांत दोन गोल फेडून बरोबरी साधली आणि लगेच आर्सेनलने तिसरा गोल केला. तो चषक कर्णधार म्हणून राइसने उचलला. देशासाठी ४९ सामने. पुढे वॉटफर्डकडून खेळून १९८४ मध्ये तो आर्सेनलच्या युवा संघाचा प्रशिक्षक झाला. सप्टेंबर १९९६ मध्ये थोडे दिवस त्याने मुख्य संघ सांभाळला. मग मुख्य प्रशिक्षक म्हणून आर्सेन व्हेंगर आला आणि राइस २०१२ पर्यंत त्याचा सहायक राहिला. जपानहून आलेल्या, इंग्लंडला अपरिचित व्हेंगरला क्लबची नस ठाऊक असलेला असा माणूस हाताशी मिळाला, हे महत्त्वाचे. १९७१, १९९८ व २००२ या तिन्ही दुहेरी यशांत राइसचा वाटा आहे: एकदा खेळाडू, दोनदा सहायक.